छोट्या लिंकची वही कोणाकडे?

मराठी विकिपीडियावरचा ‘महाराष्ट्र’ हा लेख उघडा, वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला तरी पाठवा. ब्राउझरमध्ये नीट वाचता येणारा ‘महाराष्ट्र’ हा शब्द बहुतेक वेळा पलीकडे पोचतच नाही. त्याच्या जागी टक्क्यांची चिन्हं, आकडे आणि रोमन अक्षरं यांची भली लांब माळ पोचते. कारण साधं आहे. वेबच्या पत्त्यात मुळात रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं एवढंच चालतं. देवनागरीतली प्रत्येक खूण, मग ते अक्षर असो, काना असो की पाय मोडल्याची खूण असो, संगणकाच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट जागा घेते. पत्त्यात त्यातला प्रत्येक बाइट ‘टक्का आणि पुढे दोन अक्षरं’ असा लिहावा लागतो. एकटा ‘म’ तिथे ‘%ई०%ए४%एई’ असा उमटतो. एका ‘म’ची नऊ चिन्हं झाली.

‘महाराष्ट्र’ या शब्दात म, ह, काना, र, काना, ष, मोडलेला पाय, ट, पुन्हा मोडलेला पाय आणि र अशा १० खुणा आहेत. त्यांची ९० चिन्हं होतात. सुरुवातीच्या विकिपीडियाच्या पत्त्याची ३० चिन्हं धरली की एकूण १२०. इंग्रजी विकिपीडियावर हाच शब्द ११ अक्षरांत मावतो. त्यात देवनागरी एसएमएसची मर्यादा ७० चिन्हांची, रोमन एसएमएसची १६०. म्हणजे मराठी संदेशात ही एक लिंक घातली, तर निव्वळ लिंकलाच दोन एसएमएस लागतात. लिंक छोटी करण्याची गरज जगात सगळ्यांनाच पडते, पण आपल्या लिपीत लिहिणाऱ्यांना ती अंमळ जास्त पडते. म्हणूनच हा विषय मला निव्वळ तंत्रज्ञांवर सोडून देण्यासारखा वाटत नाही.

छोटी लिंक म्हणजे नेमकं काय? तिच्यात मूळ पत्ता दाबून बसवलेला असतो, असा पुष्कळांचा समज आहे. तसं काही नसतं. छोट्या लिंकच्या मागे दोन रकान्यांची एक वही असते. डाव्या रकान्यात चार-सहा अक्षरांची खूण, उजव्या रकान्यात पूर्ण पत्ता. तुम्ही छोट्या लिंकवर बोट टेकवलं की तुमचा ब्राउझर त्या वहीच्या मालकाच्या सर्व्हरकडे जाऊन ती खूण सांगतो. सर्व्हर वहीत ओळ शोधतो आणि ‘तुम्हाला हवं ते इथे नाही, तिथे आहे’ असं म्हणून मोठा पत्ता हातात ठेवतो. ब्राउझर मुकाट तिकडे वळतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, त्यामुळे मध्ये कोणाच्या तरी दारावरून आपण गेलो हे कळतही नाही.

खूण कशी तयार होते, तेही पाहण्यासारखं आहे. सगळ्यात जुनी आणि सोपी युक्ती म्हणजे वहीतल्या ओळीचा क्रमांक घेऊन तो वेगळ्या पायात लिहायचा. आपण ० ते ९ असे १० अंक वापरतो. त्यात इंग्रजी लहान लिपीतली २६ आणि मोठ्या लिपीतली २६ अक्षरं मिळवली की ६२ ‘अंक’ हाताशी येतात. दहा हजारावी ओळ घ्या. १०,००० ला ६२ ने भागलं की भागाकार १६१ आणि बाकी १८. १६१ ला पुन्हा ६२ ने भागलं की २ आणि बाकी ३७. म्हणजे २, ३७, १८. आकड्यांनंतर लहान अक्षरं आणि मग मोठी, असा क्रम लावला तर ३७ म्हणजे मोठा ‘बी’ आणि १८ म्हणजे लहान ‘आय’. दहा हजारावी लिंक तीन अक्षरांत बसली. सहा अक्षरांत अशा ५६८० कोटींहून जास्त लिंक बसतात.

अमेरिकेतल्या मिनेसोटातला केविन गिल्बर्टसन हा वेब डेव्हलपर एकचाकी सायकल चालवणाऱ्यांसाठी एक संकेतस्थळ चालवत असे. चर्चागटातल्या संदेशांचे लांबलचक पत्ते ईमेलमध्ये ओळ मोडली की तुटायचे. म्हणून त्याने जानेवारी २००२ मध्ये ‘टायनीयूआरएल’ सुरू केलं. पुढे ट्विटर आलं, १४० अक्षरांची मर्यादा आली आणि अशा सेवांचं पेवच फुटलं. ट्विटरने आधी टायनीयूआरएल वापरलं, २००९ मध्ये ‘बिटली’ घेतलं आणि नंतर स्वतःचीच सेवा काढली. त्या धांदलीत जगभरच्या लोकांनी आपल्या लाखो-करोडो लिंक दुसऱ्यांच्या वह्यांत लिहून टाकल्या. वही कोणाची, ती किती दिवस उघडी राहणार, हे तेव्हा फार थोड्यांनी विचारलं.

मीही विचारलं नव्हतं. आमच्या गावच्या वाचनालयाने स्मरणिका काढली, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या, जुन्या गाड्यांच्या आणि दुष्काळाच्या आठवणी अशी ३७ ध्वनिमुद्रणं आम्ही इंटरनेटवर ठेवली होती. प्रत्येक फोटोखाली एक छोटी लिंक आणि शेजारी क्यूआर कोड. लिंक मी एका फुकट सेवेवर तयार केल्या होत्या. छापील पान सुबक दिसत होतं. काही वर्षांनी एका आजींचा नातू फोन करून म्हणाला, “काका, आजी गेली. तिचा आवाज ऐकायचा होता, पण लिंक उघडतच नाही.” ध्वनिमुद्रण जागच्या जागी होतं. त्याचा मूळ पत्ताही शाबूत होता. बंद पडली होती ती मधली वही. त्याला मी मोठा पत्ता पाठवला, त्याने आवाज ऐकला. पण गावात घराघरांत ठेवलेल्या स्मरणिकांमधल्या उरलेल्या ३६ लिंकचं मी काय करणार होतो? छापलेली शाई बदलता येत नाही, आणि वही माझ्या हातात नव्हती.

सेवा लहान होती म्हणून बंद पडली, मोठ्या कंपनीची असती तर टिकली असती, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. ते खरं नव्हतं. गूगलची ‘गू.जीएल’ ही सेवा २००९ मध्ये आली. मार्च २०१८ मध्ये गूगलने ती आवरती घेत असल्याचं जाहीर केलं, आणि २०१९ पासून नव्या लिंक बनणं बंद झालं. त्या वेळी डेव्हलपरांना जो पर्याय सुचवला होता, तो ‘फायरबेस डायनॅमिक लिंक्स’. मग जुलै २०२४ मध्ये घोषणा झाली की २५ ऑगस्ट २०२५ पासून गू.जीएलच्या जुन्या लिंकही चालणार नाहीत. नंतर, ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीला, निर्णय थोडा मऊ झाला: ज्या लिंकवर २०२४ च्या अखेरीस काहीच वर्दळ नव्हती, तेवढ्याच बंद होणार. पण ‘वर्दळ नव्हती’ म्हणजे ‘गरज नव्हती’ असं नाही. एखाद्या प्रबंधाच्या तळटीपेतली लिंक पाच वर्षांत एकदा उघडली जाते, आणि त्या एकदाच ती चालायला हवी असते. सुचवलेला पर्याय, ते डायनॅमिक लिंक्सही त्याच २५ ऑगस्ट २०२५ ला बंद झालं.

वहीच्या मालकाच्याही वर आणखी एक मालक असतो, हे २०१० मध्ये दिसलं. ‘.एलवाय’ हा शेवट लिबिया देशाचा. बिटलीसारख्या नावांसाठी तो सोयीचा म्हणून अनेकांनी घेतला. त्या वर्षी लिबियाच्या नोंदणी संस्थेने ‘व्हीबी.एलवाय’ हे एक लहान डोमेन काढून घेतलं. कारण दिलं की त्यावरचा मजकूर तिथल्या कायद्यात आणि धर्मनियमांत बसत नाही. ते डोमेन अमेरिकेतल्या मंडळींचं होतं. पुढच्याच वर्षी लिबियात उठाव होऊन तिथलं इंटरनेट तोडलं गेलं. बिटली तेव्हा चालू राहिलं, कारण ‘.एलवाय’चे काही नामसर्व्हर लिबियाच्या बाहेर होते. आकर्षक नावासाठी दुसऱ्या देशाचं शेपूट घेताना हे ध्यानात ठेवावं. आपल्याकडे ‘.इन’ सहज मिळतं. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ही आहे, आणि मला तो फार प्रिय आहे. पण छोट्या लिंकसाठी तो घेऊ नका. कॉपी करताना त्याचंही रोमन अक्षरांत रूपांतर होतं आणि लिंक पुन्हा लांबते. मराठीपण लेखात असावं. लिंकच्या खुणेत रोमन लिपीच बरी.

तर वही आपल्या घरी आणायची, म्हणजे काय करायचं? डोमेन आपल्या नावावर, सर्व्हरवर जागा आपली, आणि वही सांभाळणारं सॉफ्टवेअर असं की ज्याचा कोड कोणालाही वाचता, वापरता, बदलता येतो. असं मुक्त सॉफ्टवेअर पुष्कळ आहे. त्यातलं जुनं आणि अजूनही टिकून असलेलं म्हणजे ‘युअर्ल्स’. ‘युअर ओन यूआरएल शॉर्टनर’ची आद्याक्षरं जोडून झालेलं नाव. ओझ या टोपणनावाने लिहिणारा फ्रेंच प्रोग्रामर आणि सिंगापूरचा लेस्टर चॅन यांनी २००९ मध्ये ते सुरू केलं. पीएचपी आणि मायएसक्यूएल या जोडीवर ते चालतं, म्हणजे वर्डप्रेसचा ब्लॉग जिथे चालतो अशा साध्या होस्टिंगवर तेही चालतं. फायली चढवायच्या, नमुन्याच्या कॉन्फिग फाइलला तिचं खरं नाव द्यायचं, तिच्यात डेटाबेसचं नाव, पासवर्ड आणि आपलं डोमेन लिहायचं आणि अ‍ॅडमिनचं पान उघडायचं. वर एक चौकट येते, तिच्यात मोठी लिंक टाकायची, शेजारी हवी ती खूण लिहायची. कोणत्याही छोट्या लिंकच्या शेवटी अधिकचं चिन्ह लावलं की त्या लिंकवर किती जण, कधी आले याचा तक्ता दिसतो. मी हेच निवडलं. एका संध्याकाळचं काम होतं, आणि मी प्रोग्रामर नाही.

‘श्लिंक’ हे दुसरं, अलेहांद्रो सेलाया या स्पॅनिश डेव्हलपरचं. त्याची मांडणी वेगळी आहे. मूळ सॉफ्टवेअरला स्वतःचा चेहराच नाही. ते आदेशांवर आणि एपीआयवर, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामकडून येणाऱ्या मागण्यांवर, चालतं, डोळ्यांना दिसणारं पान वेगळं जोडावं लागतं. ज्यांना रोज शेकडो लिंक दुसऱ्या प्रणालीतून आपोआप तयार करायच्या असतात, त्यांना हे सोयीचं. ‘कट’ हे नोड.जेएसवर चालणारं, अनेक जणांना आपापली खाती देता येणारं. आणि ‘छोटो’ नावाचंही एक आहे. बंगालीत छोटो म्हणजे छोटा. रस्ट भाषेत लिहिलेलं अगदी लहानखुरं सॉफ्टवेअर, वही ठेवायला एसक्यूलाइटची एकच फाइल. नाव वाचूनच मला ते आवडलं.

लिंक मोजून चाळीस-पन्नास असतील तर यातलं काहीही नको, असंही मी सांगेन. एनजिनएक्ससारख्या वेब सर्व्हरच्या मांडणीच्या फाइलमध्ये लिंकमागे एक ओळ लिहिली की झालं.

सॉफ्टवेअर मुक्त असण्याचा फायदा फुकट मिळण्यापेक्षा मोठा आहे. उद्या युअर्ल्स बनवणाऱ्यांनी हात आखडता घेतला तरी माझ्याकडची प्रत चालत राहील. आणि वहीचं स्वरूप उघडं असल्यामुळे ती उचलून दुसरीकडे नेता येते. श्लिंकमध्ये युअर्ल्सची, बिटलीची किंवा साध्या सीएसव्ही फाइलची वही आत घेण्याची सोयच करून ठेवलेली आहे. दहा हजार लिंकची पूर्ण वही, लिंकमागे १२० अक्षरं धरली तर, जुन्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर मावेल एवढीच होते. इतक्या लहान वस्तूसाठी आपण परक्या कंपनीच्या मर्जीवर राहत होतो.

घरच्या वहीत एक निवड स्वतः करावी लागते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. सर्व्हर ‘तिथे जा’ म्हणतो तेव्हा सोबत एक क्रमांक देतो. ३०१ म्हणजे ‘कायमचं स्थलांतर’, ३०२ म्हणजे ‘सध्या तिकडे’. ३०१ ऐकलं की ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तुमच्या सर्व्हरला न विचारताच परस्पर जातो. वेग वाढतो, पण मूळ पत्ता बदलून तुम्ही वहीत दुरुस्ती केली तर ती त्या ब्राउझरपर्यंत पोचत नाही. ३०२ मध्ये तो दरवेळी येऊन विचारतो. वेगळं काही सांगितलं नाही तर युअर्ल्स ३०१ देतं आणि श्लिंक ३०२. छापील पुस्तकांसाठी मला ३०२ बरं वाटतं, कारण छापील लिंकच्या बाबतीत दुरुस्तीची वेळ आज ना उद्या येतेच.

दुसरी गोष्ट गुपितांची. २०१६ मध्ये मार्टिन जॉर्जिएव्ह आणि कॉर्नेल टेकमधले विताली श्मातिकोव्ह यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी पाच-सहा अक्षरी खुणा नुसत्या अंदाजाने जुळवून पाहिल्या, आणि लोकांच्या खासगी फायलींपर्यंत, नकाशांवरच्या प्रवासाच्या मार्गांपर्यंत पोचले. कोणाच्या घरापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता त्यात होता. सापडलेल्या वनड्राइव्हच्या फोल्डरांपैकी सुमारे ७ टक्के असे होते की त्यात कोणीही येऊन फायली टाकू शकला असता. त्यानंतर गूगलने नकाशांच्या लिंकची खूण ११-१२ अक्षरांची केली. क्रमाने वाढणाऱ्या खुणा तर याहून सोप्या. ‘२बी’ नंतर ‘२सी’ येणार हे कोणीही ओळखेल. म्हणून वैद्यकीय अहवाल, घरचे फोटो, कागदपत्रं यांना छोटी लिंक लावूच नये. छोटी लिंक चव्हाट्यावरच्या गोष्टींसाठी आहे.

घरची वही आणली की घरची कामंही येतात, हे लपवण्यात अर्थ नाही. डोमेनचं नूतनीकरण चुकलं तर दुसरा कोणीतरी ते विकत घेतो, आणि तुमच्या स्मरणिकेतल्या ओव्यांच्या लिंकवर जुगाराची जाहिरात उघडते. ‘.कॉम’ एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं. जमेल तितकं पुढचं भरून ठेवावं, आणि मुदतीची तारीख एकट्याच्या फोनमध्ये न ठेवता संस्थेच्या दप्तरात लिहावी. सर्व्हर घरातल्या छोट्या संगणकावर ठेवण्याचा मोह होतो. वीज गेली, राउटर बंद पडला की लिंकही जाते, तेव्हा महिना काही शे रुपये देऊन भाड्याची जागा घेणं परवडतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ‘या, कोणीही लिंक छोटी करा’ असं दार उघडं ठेवू नका. फसवणूक करणाऱ्यांना अशी दारं लगेच सापडतात. त्यांच्या बनावट बँकेच्या पानांच्या लिंक तुमच्या डोमेनवर बनतात, ईमेलच्या गाळण्या तुमचं डोमेन काळ्या यादीत टाकतात, आणि मग तुमच्या खऱ्या लिंकही अडतात. युअर्ल्सचं अ‍ॅडमिन पान पासवर्डामागे ठेवण्याची सोय आहे, ती बंद करू नये. लिंकबद्दलचा हा संशय आता नियमांतही उतरला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या आदेशाने, आधी नोंद न केलेल्या लिंक असलेले व्यावसायिक एसएमएस दूरसंचार कंपन्यांना अडवावे लागतात. कोणाची तरी सार्वजनिक छोटी लिंक वापरण्यापेक्षा आपल्या नावाचं डोमेन असणं वाचणाऱ्यालाही धीर देतं. निदान दारावरची पाटी ओळखीची असते.

हे सगळं मोठ्या प्रमाणावर आणि नीट करून दाखवलं आहे ते विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने. ‘डब्ल्यू.विकी’ ही त्यांची छोट्या लिंकची सेवा २०१९ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. सॉफ्टवेअर मुक्त, सर्व्हर त्यांचा, डोमेन त्यांचं. फक्त विकिपीडिया आणि तिच्या भावंड प्रकल्पांचे पत्तेच तिथे छोटे होतात. त्यामुळे दार उघडं असूनही फसवणुकीला आत शिरता येत नाही. शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ अशी एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं खुणांतून वगळली आहेत, म्हणजे छापील पानावरून टाइप करणाऱ्याचा गोंधळ होऊ नये. आणि जे कुठल्याच व्यापारी सेवेने केलेलं मी पाहिलं नाही, ते त्यांनी केलं: ती पूर्ण वही, सगळ्या खुणा आणि सगळे पत्ते, नियमाने प्रसिद्ध होते. कोणीही उतरवून घ्यावी. ‘महाराष्ट्र’ या लेखाची १२० चिन्हं तिथे वीसच्या आत येतात, आणि उद्या ती सेवा बंद पडली तरी वहीच्या प्रती जगभर असतील.

विकिमीडियाच्या या पद्धतीबद्दल वाचल्यावर आम्हीही तसंच केलं. स्मरणिकेची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा लिंक वाचनालयाच्या स्वतःच्या डोमेनवर होत्या. खुणा रोमन लिपीत पण मराठी शब्दांच्या ठेवल्या, ‘ओवी१’, ‘ओवी२’, ‘गाडी’, ‘दुष्काळ’, म्हणजे फोनवरूनही सांगता याव्यात. शेवटच्या दोन पानांवर बारीक टाइपात ३७ ओळी छापल्या आहेत: डावीकडे खूण, उजवीकडे पूर्ण पत्ता. पहिल्या आवृत्तीच्या प्रती ज्या घरांत आहेत, त्या घरी ही दोन पानं वेगळी छापून ग्रंथपालांनी स्वतः नेऊन दिली.